चोक ते पी०१०१

मागच्या पावसाळ्यात पाम बीच रोडच्या सिग्नलला माझी गाडी उभ्या उभ्या थरथरायची. इंजिनाचे फेरे आपोआप चढायचे, पडायचे, कधी गाडी बंदच. एका सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, पी०१०१ हा कोड दाखवला आणि एअरफ्लो सेन्सर बदला म्हणून सांगितलं. खर्च गाडीच्या हप्त्याहून जास्त होता. म्हणून तुर्भ्याच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. उमेदीची वर्षं त्यांनी पद्मिनी टॅक्स्यांखाली झोपून काढली.

पद्मिनी कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. तिच्यात कार्बोरेटर होता. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि पेट्रोल ओढलं जातं. हवा मोजायची कुणालाच गरज नव्हती. बिघाड ओळखायचा तो कानाने, नाकाने आणि प्लगच्या रंगावरून: काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी.

हे बदललं धुरामुळे. एप्रिल १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात युरो नियम पाळणाऱ्या खासगी गाड्यांचीच नोंदणी करण्याचा आदेश दिला. पुढे मुंबईसारख्या शहरांतही नियम कडक झाले. धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरला १ ग्रॅम पेट्रोलमागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इतका नेमकेपणा कार्बोरेटरला कुठून जमणार? मग इंजेक्टर आले आणि हवा मोजणं भाग पडलं.

काही गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात. माझ्या गाडीत तापलेली तार आहे. हवा तिला थंड करते. तिचं तापमान टिकवायला किती वीज लागली, त्यावरून हवा कळते. यामागचं गणित मॅकगिल विद्यापीठातल्या लुई किंग यांनी १९१४ मध्येच मांडलं होतं. थ्रॉटलची झडप किती उघडली, ते दुसरा सेन्सर व्होल्टमध्ये सांगतो.

मामांनी आधी थ्रॉटलचा व्होल्टेज पाहिला. पेडल हळूहळू दाबलं तसा तो न अडखळता चढला. म्हणजे तो सेन्सर ठीक. मग त्यांनी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम उघडलं. इंजिन नुसतं चालू असताना कॉम्प्युटर पेट्रोल बरंच वाढवत होता. फेरे २५०० वर नेले, तर आकडा खाली आला.

“सेन्सर खोटं बोलत नाहीये,” मामा म्हणाले. “त्याच्या पाठीमागून हवा घुसतेय.”

थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून गळती तेव्हाच जास्त छळते. सेन्सर चुकवून आलेली ही हवा त्याच्या हिशेबात येतच नाही. कॉम्प्युटरला मेळ लागेना, म्हणून त्याने हवेच्या सेन्सरवर बोट ठेवलं. मामांनी कान लावला, बारीक फुसफूस ऐकली आणि मॅनिफोल्डकडे जाणारी चिरलेली रबरी नळी बाहेर काढली. नवी नळी काहीशे रुपयांची.

कोड म्हणजे तक्रार, निकाल नव्हे. तक्रार कुठून आली ते स्कॅनर सांगतो. दोषी कोण, ते तपासावंच लागतं.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. नळी बसवल्यावर मामांनी स्कॅनर बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि मिनिटभर नुसतं इंजिन ऐकलं. मग म्हणाले, “आता ने.”