भिंत कुणाची?

परवा पासलीहून काकांचा फोन आला. जुन्या घराची पुढची भिंत पावसाने फुगली आहे, दिवाळीनंतर पाडून विटांची बांधायची म्हणतायत. मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. रात्री मात्र झोप येईना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पासली म्हणजे वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाच्या वाटेवर लागणारं आमचं गाव. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आमच्या तोंडात अजून वेल्हंच. पाऊस असा, की मातीची भिंत दरवर्षी नव्याने सांभाळावी लागते. पावसाळा सरला की आजी ती पांढऱ्या मातीने पोतारायची. मग आत्या, काकू, शेजारच्या बायका गेरू नाहीतर चुना घेऊन बसायच्या. कुणी तुळस काढी, कुणी चंद्रसूर्य. घरात लग्न झालं की हळदीचे हात उठायचे. नकाशा कुणी काढत नसे, पण कुठे काय यायचं ते सगळ्यांना माहीत असे.

हे सगळं आठवायचं कारण दुसरंच आहे. शिकत असताना आम्ही सातआठ जणांनी वसतिगृहाच्या मेसबाहेरची एक लांब भिंत रंगवली होती. "सगळ्यांची भिंत" असं मोठ्या तोऱ्यात नाव दिलं होतं. कागदावर आराखडा आमचाच. तिसऱ्या दिवशी मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "छान हाय. पण यात आम्ही कुठं हाय?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग त्यांना ब्रश दिला. तो बाजूला ठेवून त्यांनी सरळ हात रंगात बुडवला आणि भिंतीवर उठवला. अगदी आमच्या पासलीसारखा!

दोन वर्षांनी कसली तरी तपासणी होती, म्हणून ऑफिसने एका दुपारीत भिंत पांढरी करून टाकली. किती चिडलो होतो आम्ही! खूप पुढे एका सीनियरने सहज विचारलं, "तुमच्या आधी तिथे आमची चित्रं होती, आठवतं का?" आठवत होतं. ती आम्हीच चुना मारून झाकली होती. कुणालाही न विचारता.

त्यानंतर अशा भिंतींबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. आपल्याकडे विद्यापीठाच्या आवारात सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाचं उत्तम उदाहरण म्हणजे शांतिनिकेतनातली 'कालो बाडी', म्हणजे काळं घर. १९३० च्या दशकात नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज यांच्या देखरेखीखाली कलाभवनाच्या विद्यार्थ्यांनी मातीच्या भिंतींवर उठावाची चित्रं केली. भारहूत, महाबलीपुरम, इजिप्त अशा ठिकाणच्या जुन्या शिल्पांवरून काही घेतलेली, काही स्वतःची. पाऊस आणि वाळवी यांपासून वाचावं म्हणून वर डांबर. तिथे राहायचे विद्यार्थीच. म्हणजे करणारे आणि राहणारे एकच! हेच नंदलाल १९३६ साली आपल्या खानदेशात आले होते. फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचं नगर त्यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून खेड्यात मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या सामानातून सजवलं.

त्याच कलाभवनातली दुसरी गोष्ट. के. जी. सुब्रमण्यन यांनी एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर १९९० च्या सुमारास काळ्यापांढऱ्या रंगात चित्रं काढली. ती ऊनपावसाने विटली, तेव्हा २००९ साली वयाच्या पंचाऐंशीच्या घरात असताना त्यांनी ती नव्याने रंगवली. जुनं जसंच्या तसं गिरवत बसले नाहीत, नवंच काढलं. आजीला हे ऐकून काही विशेष वाटलं नसतं. ती दरवर्षी तेच करायची.

आणि हे भांडण काही आपलंच नाही. १९६७ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय चित्रकारांनी एका पडक्या इमारतीवर आपल्या समाजातल्या थोरांची चित्रं काढली. 'वॉल ऑफ रिस्पेक्ट', आदराची भिंत. वस्तीनेच तिची राखण केली. वस्तीच्या सहभागातून झालेल्या भित्तिचित्रांची तिकडची चळवळ इथूनच सुरू झाली असं मानतात. पण त्याच भिंतीवरचा एका चित्रकाराचा भाग थोड्याच दिवसांत पांढरा करून तिथे दुसऱ्याचं चित्र आलं, आणि त्यावरून सोबत्यांमध्ये कायमची फूट पडली. १९७१ च्या आगीनंतर इमारतच पाडली गेली. आज उरलेत ते मुख्यतः फोटो आणि आठवणी.

एवढं सगळं वाचून माझ्या हाती आलं ते इतकंच. चित्र पुसलं जाणं हे दुःख नाही, पासलीला ते दरसाल पुसलं जायचं. पुसताना विचारलं न जाणं हे दुःख आहे. आजी पोतारायला घ्यायची तेव्हा सगळ्या बायका हजर असायच्या, आणि ओल्या भिंतीसमोर पुन्हा त्याच बसायच्या. आम्ही सीनियरना विचारलं नाही, ऑफिसने आम्हाला विचारलं नाही. मावशींच्या हाताचा ठसा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी चुन्याखाली गेला. त्याचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही.

म्हणून काल काकांना परत फोन केला. भिंत पाडा म्हटलं, राहणारे तुम्ही आहात. पुण्यात बसून मातीच्या भिंतीचं कौतुक करायला माझं काय जातंय! फक्त पाडायच्या आधी एक दिवस सगळे जमू. आत्याला आणि शेजारच्या काकूंना तर आणायचंच, कुठला हात कुणाचा ते त्यांनाच ठाऊक आहे. फोटो मी काढतो. नव्या भिंतीवर काय यावं ते तिथेच बसून ठरवू.

काका जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विटांच्या भिंतीला पांढरी माती धरंल का रं?"

बघू. तर मंडळी, दिवाळीनंतरचा पहिला रविवार पासलीसाठी राखून ठेवा. आणि जुने कपडे घालून या.