सॉफ्टवेअर चाचणी : हाताने की यंत्राने

सॉफ्टवेअर चाचणी म्हणजे तयार केलेला प्रोग्रॅम अपेक्षेप्रमाणे वागतो का, हे तो प्रत्यक्ष चालवून तपासणे. टेस्टर स्वतः पडद्यासमोर बसून तपासतो ती मॅन्युअल चाचणी. तीच कृती स्क्रिप्टमध्ये लिहून संगणकाकडून पुन्हा पुन्हा करून घेतली की ती स्वयंचलित, म्हणजे कंपन्यांच्या बोलीत ऑटोमेशन. चाचणीने दोष असल्याचे सिद्ध होते, नसल्याचे कधीच होत नाही, ही मर्यादा डच संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी १९७०च्या सुमारास मांडली. सगळे तपासणे शक्य नसल्यामुळे काय तपासायचे, आणि त्यातले माणसाने किती व यंत्राने किती, हा निवडीचा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात या निवडीचे मोठे आणि सामान्य माणसाच्या जवळचे उदाहरण सातबाऱ्याच्या संगणकीकरणात सापडते.

केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये सुरू केली आणि २००८ मध्ये तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचे व्यापक रूप दिले. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाने चालवले, तर ई-फेरफार ही जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, विकसित केली. तलाठ्याच्या दप्तरातला हस्तलिखित सातबारा संगणकात उतरवताना दोन गोष्टी तपासायच्या होत्या : प्रणाली नीट चालते का आणि तिच्यात भरलेली नोंद मूळ कागदाशी जुळते का. पहिल्या प्रश्नावर यंत्र पुष्कळ मदत करते. दुसऱ्यावर त्याची मदत फार थोडी.

यंत्राला सोपी असलेली तपासणी म्हणजे क्षेत्राची बेरीज. सातबाऱ्यावरच्या खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी यायला हवी. जिथे मेळ बसत नाही अशा सर्व्हे नंबरांची यादी प्रणाली काढून देते आणि तलाठी त्यावर काम करतो. पण हा साधा नियमही कोकणात आल्यावर साधा राहत नाही. राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीकाठी, यशवंतगडाच्या सान्निध्यात वसलेल्या नाट्यासारख्या गावात जमिनीचे तुकडे लहान आणि सहहिस्सेदार पुष्कळ. एका खात्यावर एका घराण्याची अनेक नावे असतात आणि क्षेत्र सामाईक असते. प्रत्येक नावापुढे तेच क्षेत्र धरून बेरीज करणारी स्क्रिप्ट बरोबर असलेला सातबाराही चूक ठरवील. सामाईक खाते एकदाच मोजायचे, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला आधी कुणीतरी सांगावे लागते.

वाटपाचे उदाहरण याहून बोलके आहे. १० आर जमीन तिघा भावंडांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या नावे ३.३३ आर लागते आणि बेरीज होते ९.९९. एक चौरस मीटर कुठेच नोंदला जात नाही. चाचणीने ही चूक म्हणायची का? एवढा फरक चालेल असे ठरवले, तर टंकलेखनात खरोखर झालेली एक चौरस मीटरची चूकही त्याच फटीतून निसटते. चालणार नाही असे ठरवले, तर उरलेला मीटर कोणाच्या नावे टाकायचा याचा नियम लागतो. तो नियम महसूल अधिकाऱ्याने द्यायचा असतो. अपेक्षित उत्तर नक्की झाल्याशिवाय कोणतीही चाचणी स्वयंचलित करू नये, हे तत्त्व अशा उदाहरणांतून जितके पटते तितके व्याख्येतून पटत नाही.

नोंद मूळ कागदाशी जुळते का, या दुसऱ्या प्रश्नासाठी शासनाने वापरलेला उपाय मॅन्युअल चाचणीचा अत्यंत सुंदर नमुना आहे. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले : संगणकीकृत सातबारे ग्रामस्थांसमोर वाचून दाखवायचे आणि हरकती घ्यायच्या. नावातले एक अक्षर बदलले, वारसाचे नाव गळले, इतर हक्कातली कुळाची नोंद उतरलीच नाही, अशा चुकांत बेरीज अचूक राहते. कोणत्याही स्क्रिप्टला त्यात वावगे दिसणार नाही. ज्याची जमीन आहे त्याच्या मात्र कानाला खटकते. कोकणाची अडचण वेगळी. हिस्सेदारांतले कितीतरी चाकरमानी मुंबईत, आणि ते गावी येणार मे महिन्यात, गणपतीत नाहीतर शिमग्यात. साक्षीदार गावात नसताना केलेले वाचन म्हणजे निम्मी चाचणी. हाताने करायच्या चाचणीत माणूस कोणता आणि वेळ कोणती, हे चाचणीइतकेच महत्त्वाचे असते. राहून गेलेली लेखनातली चूक पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५५ खाली दुरुस्त करता येते, पण तेव्हा हेलपाटे खातेदाराच्या वाट्याला येतात.

चाचणी केव्हा स्वयंचलित करावी, याचा नेटका विचार अमेरिकी टेस्टर ब्रायन मॅरिक यांनी १९९८च्या एका लेखात केला. त्यांचा हिशेब असा : एक चाचणी स्वयंचलित करायला लागणाऱ्या वेळात हाताने किती नव्या चाचण्या झाल्या असत्या आणि त्यांत किती बग सापडले असते? तेवढे सोडून देण्याइतकी ही स्क्रिप्ट पुढे उपयोगी पडणार आहे का? चाचणी पहिल्यांदा चालते तेव्हा तिला सापडायचे ते बहुतेक सापडून जाते. स्क्रिप्टची किंमत वसूल होते ती पुढच्या बदलांत, जुने चालू असलेले काही मोडले तर. म्हणून फेरफाराचे हिशेब, क्षेत्राची बेरीज, खातेक्रमांकांचा मेळ यांसारखे दीर्घकाळ न बदलणारे नियम आधी स्वयंचलित करावेत.

पडद्याच्या मांडणीवर बेतलेल्या स्क्रिप्ट मात्र अल्पायुषी ठरतात. सप्टेंबर २०२०मध्ये राज्याने सातबाऱ्याचा नमुना बदलला. अशा वेळी अमुक ओळीतले अमुक रकाने वाचणारी स्क्रिप्ट कोलमडते, पण बेरजेचा नियम थेट तपासणारी चाचणी तशीच चालते. २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी सुरू केलेले सेलेनियम हे साधन ब्राउझर माणसासारखा चालवते. ते उपयुक्त आहे, म्हणूनच त्याचा अतिरेक सहज होतो. कधी पास तर कधी विनाकारण नापास होणाऱ्या स्क्रिप्टवर टीमचा विश्वास उडतो आणि मग खरा बगही दुर्लक्षिला जातो. अशी स्क्रिप्ट दुरुस्त करावी किंवा निःसंकोच काढून टाकावी.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे चाचणीची जागा कार्यालयाबाहेर गेली. शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करतो आणि फोटो काढतो. कोकणात जांभ्याच्या सड्यावर डळमळणारी रेंज, भर पावसात ओल्या बोटांना दाद न देणारा पडदा, एकाच तुकड्यात आंबा, काजू आणि मधेमधे नारळ : या सगळ्याची कल्पना पुण्यात बसून पूर्ण येत नाही. त्यासाठी टेस्टरने गावी जाऊन, शेतकऱ्याच्या हातात त्याचाच फोन देऊन, शेजारी उभे राहून पाहावे. जो बग सापडेल तो दुरुस्त झाल्यावर त्याच्या मुळाशी असलेल्या नियमाची एक छोटी स्वयंचलित चाचणी लिहावी आणि ती प्रत्येक रिलीजपूर्वी चालवावी.