खिशातला संगणक: संकटकाळच्या चकतीपासून पूर्ण लिनक्सपर्यंत

विंडोज उघडेनासे झाले की संगणकच मेला, असे मानण्याचा एक काळ होता. नांदेड असो वा लातूर, दुरुस्तीच्या दुकानातला उपाय ठरलेला असे: 'फॉरमॅट मारा'. त्यात दुकानाचा हिशेब, अर्धा लिहिलेला प्रबंध, लग्नाची छायाचित्रे, सारेच जाई. वास्तविक हार्ड डिस्कवरचा मजकूर बहुधा शाबूत असे. तिथवर पोहोचण्याची वाट तेवढी बंद झालेली असे.

ही वाट उघडली 'लाइव्ह' चकतीने. १९९२ साली आलेले यग्ड्रासिल लिनक्स थेट सीडीवरून चालू शके. १९९९ मध्ये लिनक्सकेअर या कंपनीने व्हिजिटिंग कार्डाएवढ्या चकतीवर बचावाची साधने बसवली. पुढल्याच वर्षी जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांचे नॉपिक्स आले. ७०० मेगाबाइटच्या सीडीत त्यांनी सुमारे २ गिगाबाइटची प्रणाली दाबून बसवली होती.

तिची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. मूळ प्रणाली संकुचित आणि केवळ वाचता येण्याजोगी. नवे लिहिणे सगळे रॅममध्ये. संगणक बंद केला की सारे विसरले जाते. आपण होऊन ती हार्ड डिस्कला हात लावत नाही, म्हणूनच ती बचावाला विश्वासू. पण धर्मशाळेत संसार मांडता येत नाही.

२००५ पासून कॅनॉनिकल कंपनी उबुंटूच्या सीडी जगभर टपालाने फुकट पाठवू लागली. इंटरनेट मंद असलेल्या गावांना याचे मोल मोठे होते. ही सेवा २०११ पर्यंत चालली. जून २००६ च्या ६.०६ या आवृत्तीत लाइव्ह सत्रातूनच कायमची स्थापना करण्याची सोय आली. पाहुणा आणि यजमान यांतले अंतर तिथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कमी झाले.

सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली, तेव्हा प्रश्न बदलला: तिथे लिहिता येते, मग विसरायचे कशाला? पहिले उत्तर होते 'पर्सिस्टन्स', म्हणजे बदल साठवणारा वेगळा थर. सोयीचे, पण अर्धवट. फॅट-३२ वर त्याची फाइल ४ गिगाबाइटपुढे जात नाही. मूळ थरातली वस्तू पुसली तरी जागा मोकळी होत नाही. कर्नल या थराबाहेर असल्याने त्याचे अद्यतनही बहुधा लागू होत नाही.

पूर्ण उत्तर कष्टाचे आहे. पेन ड्राइव्हवर एक्स्ट-४ चे विभाजन करायचे, दाबलेली प्रणाली त्यात उलगडायची, विभाजनांची नोंद असणारी एफएसटॅब फाइल लिहायची, लाइव्ह सत्राची खास पॅकेजे काढायची, आरंभीची रॅम-प्रतिमा नव्याने बांधायची आणि शेवटी ग्रब बसवायचे. घात होतो तो इथेच. ग्रब चुकून यजमान संगणकाच्या डिस्कवर बसले, तर पेन ड्राइव्ह काढताच तो संगणक उठत नाही. वाचवायला आलेला पाहुणाच घर बुडवतो!

मराठवाड्यात या खटाटोपाला दोन कारणांनी वजन आहे. नांदेडला १९८१ पासून गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, आणि लातूर तर शिकवण्यांचे शहर. वसतिगृहातल्या ज्या मुलाकडे स्वतःचा संगणक नाही, त्याला प्रयोगशाळेतल्या कुठल्याही यंत्रावर आपली प्रणाली, आपल्या फायली उघडता येणे ही लहान गोष्ट नव्हे. दुसरे कारण भारनियमन. लिहिता लिहिता वीज गेली तर फॅटवरची पर्सिस्टन्सची फाइल बिघडू शकते. एक्स्ट-४ आधी रोजनामा लिहिते, म्हणून पुन्हा उठताना बहुधा सावरते. मात्र सततच्या लेखनाने पेन ड्राइव्हची स्मृती झिजते, तेव्हा दुसरीकडे प्रत हवीच.

उरतो मराठीचा प्रश्न. २००४ मध्ये रेड हॅटने देवनागरीसह भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट खुले केले. ते घडवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपी करणाऱ्याच कंपनीने. २००७ साली सी-डॅकचे बॉस लिनक्स आले, त्यातही मराठी होती. तरीही बंद पडलेल्या संगणकातून सोडवलेली जुनी श्रीलिपीची फाइल युनिकोडच्या जगात उघडली की पडद्यावर भलतीच चिन्हे दिसतात. ती मराठी पुन्हा वाचण्यासाठी जुना फॉन्ट किंवा रूपांतरक शोधावा लागतो.