जुन्या पिढीची बाजू : घरगुती वादांच्या साधनांविषयीं कांहीं विचार

राजकीय इतिहासाचीं साधनें तपासतांना वादी व प्रतिवादी या दोघांचेही कागद पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये, हा नियम आपण सर्वजण पाळतों. मराठ्यांचें पत्र हातीं आलें तर त्याच प्रकरणीं इंग्रजांच्या वखारींतून काय लिहिलें गेलें तेंही पाहावें, हें नवशिक्या संशोधकासही सांगावें लागत नाहीं. परंतु एकाच घरांतील दोन पिढ्यांचा वाद आला म्हणजे हा नियम आपण सहज विसरतों. एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत बाप व लेक, सासू व सून यांच्यामध्यें आचारविचारांचे जे झगडे झाले, त्यांचा इतिहास आपल्यापाशीं आहे तो बहुतेक एकाच पक्षानें लिहिलेला आहे. तो पक्ष धाकट्यांचा होय. थोरल्यांची बाजू ऐकूं येते ती धाकट्यांच्याच तोंडून. अशा चार प्रसंगांचा येथें क्रमानें विचार करून, ती बाजू कोठें सांपडण्याजोगी आहे आणि ती आज कोणत्या संकटांत आहे, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

१. पहिला प्रसंग परमहंस सभेचा घ्यावा. मुंबईंत १८४९ सालीं स्थापन झालेल्या या सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते, आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रमुख प्रवर्तकांपैकीं एक. ईश्वर एक मानावा, जातिभेद पाळूं नये, हीं तिचीं मतें. आणि तीं केवळ तोंडचीं नाहींत याची खूण म्हणून सभासदास परजातीच्या हातचें अन्न खावें लागे. परंतु हें सर्व दार लावून चाले. पुढें सभासदांच्या नांवांचा कागद बाहेर गेला आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली. हे सभासद भित होते ते सरकारास नव्हे. घरच्या वडिलांस व जातीस भित होते. या पहिल्या वादांत वडिलांस प्रश्न विचारलाच गेला नाहीं. त्यांचें उत्तर काय येईल तें मुलांनीं आधींच मनाशीं ठरवून टाकलें होतें. दादोबांचें आत्मचरित्रही दीर्घकाल हस्तलिखितच राहिलें. ते १८८२ सालीं वारले. त्यांचा ग्रंथ अनंत काकबा प्रियोळकर यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केला. पासष्ट वर्षें तो कागद कोणीतरी सांभाळला, म्हणून त्या पिढीचें मन आज आपणांस कळतें.

२. दुसरा प्रसंग सर्वश्रुत आहे, तथापि त्याच्या साधनाकडे पाहावें तितक्या बारकाईनें कोणी पाहत नाहीं. विष्णुशास्त्री पंडित यांनीं ईश्वरचंद्र विद्यासागरांचा विधवाविवाहावरील ग्रंथ मराठींत आणला. १८६९ सालीं मुंबईंत एक विधवाविवाह प्रत्यक्ष घडून आला. त्यांत भाग घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. आणि १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांसमोर या विषयावर शास्त्रार्थ झाला. या सुधारकपक्षाचा आधारस्तंभ महादेव गोविंद रानडे. १८७३ सालीं त्यांची प्रथम पत्नी वारली. त्या वेळीं त्यांचें वय एकतीस वर्षांचें होतें. मुलगा आतां विधवेशीं विवाह करील या धास्तीनें वडील गोविंदराव यांनीं त्याच वर्षीं कुर्लेकरांच्या घरची अकरा वर्षांची मुलगी पाहून विवाह ठरविला. मुलानें पुष्कळ विनवण्या केल्या. वडिलांनीं संबंध तोडण्याचा धाक घातला. अखेर मुलगा नमला, आणि लोकांनीं त्याची जी थट्टा केली ती त्यानें निमूटपणें सोसली.

या प्रसंगाचें मुख्य साधन म्हणजे त्या वधूनेंच, म्हणजे रमाबाई रानडे यांनीं, १९१० सालीं प्रसिद्ध केलेलें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक. प्रसंग घडला तेव्हां लेखिका अकरा वर्षांची होती. पुस्तक झालें तें सदतीस वर्षांनीं, पतीच्या निधनानंतर नऊ वर्षांनीं. म्हणजे गोविंदरावांचें म्हणणें आपणांपर्यंत येतें तें सुनेच्या लेखणींतून, आणि तेंही तिनें मागाहून ऐकलेलें. असें असतां त्या पुस्तकांत सासऱ्याविषयीं कटुता नाहीं, हा या साक्षीचा मोठा गुण आहे. मुलाचें नांव जाईल, घर वाळींत पडेल, ही त्या वृद्धाची तळमळ सुनेनें झांकून ठेवलेली नाहीं. ज्या साक्षीदारानें विरुद्ध पक्षाचें म्हणणें नीट नोंदलें, त्याचें स्वपक्षाविषयींचें म्हणणेंही आपण अधिक विश्वासानें घेतों. रमाबाईंच्या बाबतींत हेंच लागू पडतें.

गोविंदरावांचा हट्ट आज कोणासही योग्य वाटणार नाहीं. आम्हांसही वाटत नाहीं. एका अकरा वर्षांच्या मुलीचें जन्माचें सुखदुःख दोन वडिलांनीं आपसांत ठरविलें, ही गोष्ट कोणत्याही समर्थनानें लहान होत नाहीं. परंतु त्यांची भीति काल्पनिक होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. बहिष्कार याचा अर्थ त्या काळीं घरीं उपाध्याय न येणें, मुलींचीं लग्नें अडणें, आणि मृत्यूच्या वेळीं खांदा द्यावयास माणूस न मिळणें, असा होता. हा दंड एकट्या मुलास होत नसे. त्याच्या भावाबहिणींस व पुतण्यांसही होई. थोरल्यांच्या हिशेबाचें माप घर होतें. धाकट्यांच्या हिशेबाचें माप मनुष्य होतें. मापेंच निराळीं असल्यामुळें बेरीज कधींच जुळली नाहीं.

विवाहानंतर रानड्यांनीं पत्नीस स्वतः लिहावयास-वाचावयास शिकविण्यास आरंभ केला. तेव्हां वाद माजघरांत गेला. घरांतील वडील बायकांस सुनेचें वाचन, आणि विशेषतः इंग्रजी शिक्षण, खपेना. रमाबाईंनीं टोमणे सोसले, उलट उत्तर दिलें नाहीं, आणि शिकणें सोडलें नाहीं. बापापुढें लेक नमला तरी दुसऱ्या मार्गानें तो आपलें मत कसें राखतो, याचें हें उत्तम उदाहरण आहे. पुढें पुण्याच्या सेवासदनाच्या कामांत ज्या शेंकडों स्त्रिया शिकल्या, त्यांच्या शिक्षणाचें मूळ या निमूट सोसण्यांत आहे.

३. तिसरा प्रसंग वीस वर्षांनंतरचा. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालच्या मार्च महिन्यांत पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाई या विधवेशीं पुण्यास पुनर्विवाह केला. त्यांचें गांव दापोली तालुक्यांतील मुरूड. तेथील ब्राह्मणमंडळींनीं सभा भरवून कर्व्यांस वाळींत टाकलें; ज्या बैठकीस ते असतील तीस बसूं नये, आणि वडील बंधूंनीं त्यांस घरांत उतरूं दिल्यास त्यांवरही बहिष्कार घालावा, असें ठरलें. कर्वे पुण्यास अध्यापक होते. त्यांचें अन्नपाणी मुरूडच्या हातीं नव्हतें. बहिष्काराचा खरा भार पडला तो गांवांत मागें राहिलेल्या माणसांवर. हें वृत्त आपणांस कर्व्यांच्या ‘आत्मवृत्तां’तून (१९१५) मिळतें. ज्या गांवानें त्यांस टाकलें त्या गांवाविषयींचा त्यांचा लोभ सुटला नाहीं, हेंही त्यावरून दिसतें. गोदूबाईंनीं, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांनीं, उतारवयांत सांगितलेलें ‘माझे पुराण’ हें त्यास पूरक साधन होय. दोन्ही साधनें पुन्हां धाकट्या पक्षाचींच.

४. चौथ्या प्रसंगांत बंडखोर पिढीच थोरली झालेली दिसते. कर्व्यांचे प्रथम पत्नीपासून झालेले पुत्र रघुनाथ (जन्म १८८२) यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, १९२५ सालीं त्याच मतांपायीं महाविद्यालयांतील गणिताची प्राध्यापकी सोडली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ सालीं मरण येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक चालविलें. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ सालीं त्यांस दंड झाला. १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांचा बचाव केला. या काळांत पित्याचें नांव महर्षि म्हणून सर्वत्र आदरानें घेतलें जात होतें. १९१६ सालीं स्थापिलेलें महिला विद्यापीठ उभें होतें, आणि १९५८ सालीं त्यांस भारतरत्न हा किताबही मिळाला. १८९३ सालीं ज्यांस गांवानें वाळींत टाकलें, तेच चाळीस वर्षांनंतर समाजाच्या वडिलांच्या आसनावर बसले. आणि वाळींत पडण्याची पाळी पुत्राची आली. थोरला व धाकटा हीं दोन जातींचीं नांवें नसून एकाच माणसाच्या दोन अवस्थांचीं नांवें आहेत, हें या घराण्यावरून जितकें स्पष्ट होतें तितकें दुसऱ्या कशावरूनही होत नाहीं.

५. या चार प्रसंगांत एक क्रम आहे. पहिल्या पिढीनें मत लपविलें. दुसरीनें मत बोलून दाखविलें आणि आचारांत माघार घेतली. तिसरीनें आचारही केला आणि दंड सोसला. चौथीनें वादाचें प्रमाणच बदललें. हा शेवटचा मुद्दा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. १८७० सालच्या शास्त्रार्थांत दोन्ही पक्ष शब्दप्रमाण मानणारे होते. पराशरस्मृतींतील पतीच्या पांच आपत्तींविषयींचें वचन या युगास लागू आहे कीं नाहीं, त्यांतील पति हा विवाहित कीं केवळ वाङ्निश्चय झालेला, हा वाद होता. रानड्यांनींही विधवाविवाहास वेदांतील आधार शोधून निबंध लिहिला. म्हणजे बाप आणि लेक एकाच पोथीचीं दोन पानें उघडून भांडत होते. कर्व्यांनीं पोथीपेक्षां विधवेच्या प्रत्यक्ष दुःखावर भर दिला. रघुनाथरावांनीं पोथी मिटून शरीरशास्त्र पुढें केलें. प्रमाण समान असतां मतभेद कितीही तीव्र असला तरी निर्णयाची आशा असते. प्रमाणच भिन्न झालें म्हणजे एक दुसऱ्याचें ऐकतो खरा, पण त्यास तें पटण्याचा मार्गच उरत नाहीं. दोन पिढ्यांतील ज्या दुराव्याविषयीं आज घरोघर बोललें जातें, त्याचें मूळ वयाच्या अंतरापेक्षां या प्रमाणभेदांत अधिक आहे असें आमचें मत आहे.

६. आतां थोरल्यांची बाजू शोधावयाची कोठें? आत्मचरित्र हा लेखनप्रकार त्यांचा नव्हे. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडूं नये, अशीच त्यांची शिकवण होती. पण ते लिहीत नसत असें नव्हे. रोजकीर्द, टांचणें, कुंडल्या, वंशावळी, मुलास पाठविलेलीं पत्रें, व्याह्यांशीं झालेला पत्रव्यवहार, हें त्यांचें वाङ्मय होय. त्यांतील जमाखर्चाची वही तर कधीं कधीं आत्मचरित्राहून अधिक खरें बोलते. मुलीच्या शाळेची फी कोणत्या महिन्यापासून भरली गेली, पुनर्विवाह केलेल्या पुतण्याच्या घरीं आहेर गेला कीं नाहीं, प्रायश्चित्ताचा खर्च कोणाच्या नांवें पडला, हें त्या वहींत विनाआवेश लिहिलेलें असतें. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० सालच्या चहाच्या प्रकरणांत रानड्यांसुद्धां अनेकांस पुढें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. सभांतील भाषणें छापलीं गेलीं. पण त्या प्रत्येक घरांत वडिलांनीं काय म्हटलें, हें कळावयाचें तर अशाच कागदांवरून कळेल.

आम्ही राहतों त्या विलेपार्ल्याचें उदाहरण घ्यावें. १९५० सालीं बृहन्मुंबईंत सामील होण्यापूर्वींचें हें उपनगर. लोकमान्य टिळक १९२० सालीं वारले. त्यांच्या नांवानें येथें १९२१ सालीं पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघ निघाला. पुढें सात वर्षांनीं, १९३० सालीं, मिठाच्या सत्याग्रहाची मोठी छावणी याच विलेपार्ल्यांत पडली. टिळकांच्या नांवाचें गांव गांधींच्या सत्याग्रहाचें ठाणें झालें, हें संस्थांच्या अहवालांवरून कळतें. परंतु टिळकांस मानणाऱ्या बापानें छावणीकडे निघालेल्या मुलास दारांत काय सांगितलें, आणि मुलानें काय उत्तर दिलें, हें अहवालांत नसतें. तें कोठें लिहिलेलें असलें तर येथल्या जुन्या घरांतील ट्रंकांत असेल.

दोन्ही बाजू हातीं आल्या म्हणजे चित्र किती भरून येतें, याचें उदाहरणही आमच्याजवळ आहे. ‘ऋग्वेदी’ या नांवानें लिहिणारे वामन मंगेश दुभाषी यांनीं आर्यांच्या सणांचा इतिहास लिहिला. आणि पार्ल्यांत वाढलेले, पार्ले टिळक विद्यालयांत शिकलेले त्यांचे नातू पु. ल. देशपांडे यांनीं ‘गणगोत’ या पुस्तकांत आजोबांचें व्यक्तिचित्र रेखाटलें. आजोबांचा विचार त्यांच्याच ग्रंथांत, आणि नातवानें पाहिलेले आजोबा नातवाच्या पुस्तकांत. दोन्ही साक्षी शेजारीं ठेवून वाचतां येतात. असा योग विरळा.

आज पार्ल्यांतील जुने बंगले व चाळी पाडून त्या जागीं उंच इमारती होत आहेत. घर रिकामें करण्यास मुदत ठरलेली असते. माळ्यावरील गांठोडें रद्दीवाल्याच्या तराजूंत जातें. यांत नातवंडांचा दोष आम्ही मानीत नाहीं. पणजोबांचा कागद मोडी, आणि नातवाचें वाचन बालबोध. जें वाचतां येत नाहीं तें जपावें कशासाठीं, हा त्याचा प्रश्न त्याच्या दृष्टीनें रास्त आहे. त्याचें उत्तर देणें हें काम आपल्यासारख्यांचें होय. तें उपदेशानें होणार नाहीं. त्याच्या घरचें एक पत्र त्यास वाचून दाखविल्यानें होईल.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, केवळ सनदा, फर्मानें व सचित्र पोथ्या यांवरच दृष्टि न ठेवतां गेल्या दीडशें वर्षांतील सामान्य घरांचे कागदही मिळवावे. पत्र लखोट्यापासून वेगळें करूं नये, कारण पुष्कळदां स्थळ व काळ लखोट्यावरच असतो. कोणत्या घरांतून, कोणाच्या हातून कागद आला, तें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. बापाचें पत्र मिळाल्यास लेकाचें उत्तरही त्याच बासनांत बांधावें. घरच्यांस लाज वाटेल असा मजकूर असल्यास त्यांच्या संमतीवांचून तो छापूं नये, पण जाळूंही देऊं नये. गोविंदरावांस जी संधि सुनेच्या प्रामाणिकपणामुळें मिळाली, ती मुरूडच्या सभेंत बसलेल्या गृहस्थांस आणि पार्ल्याच्या दारांत उभ्या राहिलेल्या बापांसही मिळाली पाहिजे. त्यांचें म्हणणें ऐकल्यावर आपण त्यांच्या विरुद्ध निकाल देऊं, असा संभव पुष्कळ आहे. पण तो निकाल उभय पक्षांचें म्हणणें ऐकून दिलेला असेल.