काळी नोंदवही

युद्धात लुटल्या गेलेल्या कलाकृतींचा विचार बहुधा राष्ट्रांच्या संदर्भात होतो. ज्यांच्या भिंतींवरून त्या उतरविल्या गेल्या ती घरे त्यात मागे पडतात. या दृष्टीने ॲम्स्टरडॅमचे चित्रविक्रेते जाक खाउडस्टिकर यांचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. जर्मन आक्रमण होताच मे १९४० मध्ये हे ज्यू गृहस्थ पत्नी देसी व तान्हा मुलगा यांच्यासह ‘बोडेग्राव्हन’ बोटीने निघाले. दिवे मालवलेल्या त्या बोटीवर रात्री ते उघड्या झडपेतून तळाशी कोसळले आणि मरण पावले. त्यांच्याजवळ एक छोटी काळी नोंदवही सापडली. तीत १,११३ कलाकृतींची नोंद होती. व्यापाऱ्याच्या नित्याच्या हिशेबी सवयीतून तयार झालेली ही चोपडी पुढे वारसांचा भक्कम पुरावा ठरली.

हेरमान गोअरिंग आणि जर्मन व्यावसायिक आलोइस मीडल यांनी तो संग्रह ‘विकत’ घेतला. विधवेने संमती नाकारली होती. तरीही व्यवहाराचे कागद रीतसर झाले. लुटीला खरेदीखताचे रूप दिले की तिचे लूटपण सिद्ध करण्याचा भार लुटल्या गेलेल्यावरच येतो, हे या प्रकरणाचे मर्म होय.

युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी जर्मनीत सापडलेली चित्रे डच सरकारच्या स्वाधीन केली. ती पुढे मूळ मालकांना मिळावीत अशी अपेक्षा होती. पण अधिकाऱ्यांनी विक्री ऐच्छिक मानली. १९५२ मध्ये देसीने नाइलाजाने तडजोड पत्करली, आणि अनेक चित्रे संग्रहालयांत विसावली. १९९६ मध्ये ती व तिचा मुलगा दोघेही वारले. सून मारेई फॉन साहेर यांची मागणी १९९८ मध्ये फेटाळली गेली. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे ४४ राष्ट्रांनी ‘न्याय्य तोडगा’ काढण्याची तत्त्वे मान्य केली. ती बंधनकारक नव्हती, तरी वातावरण पालटले. अखेर २००६ मध्ये डच सरकारने २०२ चित्रे परत केली. त्यांत सालोमोन फान राउसडालचे १६४९ मधील फेख्ट नदीचे एक दृश्य होते. नदीकाठचा नायेनरोडे किल्ला एकेकाळी खाउडस्टिकर यांच्याच मालकीचा होता.

क्रानाखच्या ‘आदम’ आणि ‘इव्ह’ या जोडचित्रांना मात्र हे भाग्य लाभले नाही. १९६६ मध्ये डच सरकारने ती दुसऱ्याच एका दावेदाराला विकली होती. परकीय शासनाची कृती आपण तपासू शकत नाही, असे अमेरिकन न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये दखल घेतली नाही. आदम आणि इव्ह आजही कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, नॉर्टन सायमन संग्रहालयात आहेत.