फिनलंड, नाटो आणि माझी चुकलेली पोस्ट

परवा आमच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला माझ्याच जुन्या पोस्टचा स्क्रीनशॉट पाठवला. मार्च २०२२ मधली पोस्ट. रशियाने युक्रेनवर हल्ला करून आठवडा झाला होता आणि मी छातीठोकपणे लिहून मोकळा झालो होतो की फिनलंड काही नाटोत जायचा नाही. इतकी वर्षं तटस्थ राहिलेला देश आठवड्यात कूस बदलत नसतो वगैरे वगैरे. खाली गुरुजींनी एवढंच लिहिलं होतं, "काय हो पत्रकार, काय झालं मग?"

झालं असं की ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड नाटोचा ३१ वा सदस्य झाला. मी चुकलो. चुकलो ते कुठे, हे शोधायला इतिहासात शिरलो. तेच आज लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी फिनलंडच्या तटस्थतेला त्या देशाचा स्वभाव समजत होतो. प्रत्यक्षात ती एका हरलेल्या देशाने शेजाऱ्याला दिलेली किंमत होती.

१९१७ साली फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाला. १९३२ मध्ये सोव्हिएत संघाबरोबर अनाक्रमणाचा करारही झाला. पण सरहद्दीपासून लेनिनग्राड जेमतेम ३० - ३२ किलोमीटर. स्टालिनला ही सरहद्द मागे सरकवून हवी होती. फिनलंड नाही म्हणाला. २६ नोव्हेंबर १९३९ ला मैनिला नावाच्या सीमेवरच्या गावात तोफगोळे पडले. मॉस्को म्हणालं, फिनलंडने मारले. बहुतेक इतिहासकार आज मानतात की ते सोव्हिएत बाजूनेच डागले गेले. चार दिवसांनी युद्ध सुरू.

देश ३७ लाखांचा. तरी १०५ दिवस लढला. राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाला हाकलून दिलं, जगभरातून कौतुक झालं, स्वीडनमधून शस्त्रं आणि स्वयंसेवक आले. पण फिनलंडच्या बाजूने कुठल्याही देशाचं सैन्य मैदानात उतरलं नाही. मार्च १९४० मध्ये तह झाला, जवळपास एक दशांश भूमी गेली, व्हीपुरीसारखं मोठं शहर गेलं आणि चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून अलीकडे आली. (१९४५ मध्ये कायदा करून या विस्थापितांना जमिनी दिल्या गेल्या. आपल्याकडे धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून खेटे घालते, हे आठवल्याशिवाय राहवत नाही. असो.)

पुढचा भाग फिनलंडचे कौतुक करणारे सहसा गाळतात. गेलेली भूमी परत मिळवायला १९४१ मध्ये हा देश हिटलरच्या जर्मनीसोबत रशियावर चालून गेला आणि १९४४ मध्ये पुन्हा हरला. ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई मानेवर बसली. ती १९५२ पर्यंत पूर्ण फेडली.

१९४८ मध्ये स्टालिनचं पत्र आलं, मैत्रीचा करार करा. हंगेरी, रुमानियाचे असे करार आधीच झालेले होते. राष्ट्राध्यक्ष पासिकिवी यांनी घासाघीस करून वेगळा मजकूर मिळवला. जर्मनीने किंवा तिच्या दोस्तांनी फिनलंडमार्गे हल्ला केला तरच लढायचं, तेही आपल्याच भूमीवर. आणि बड्या राष्ट्रांच्या भांडणापासून दूर राहण्याची फिनलंडची इच्छा प्रस्तावनेत नोंदवून घेतली. फिनलंडची तटस्थता म्हणतात ती या एका वाक्यावर उभी होती.

तिची किंमत घरात मोजावी लागे. १९६१ मध्ये मॉस्कोने त्या कराराचा हवाला देऊन लष्करी सल्लामसलतीची मागणी केली. राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन नोवोसिबिर्स्कला जाऊन ख्रुश्चेव्हना भेटले, संकट टळलं. दरम्यान निवडणुकीतल्या त्यांच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली होती. १९७३ मध्ये तर खास कायदा करून केक्कोनेन यांची मुदत निवडणुकीशिवाय चार वर्षांनी वाढवली. सोल्झेनित्सिन यांचं 'गुलाग आर्किपेलागो' फिनलंडमधल्या प्रकाशकाने छापायचं टाळलं, फिनिश भाषांतराचा पहिला भाग स्वीडनमध्ये छापावा लागला. कोणी बंदी घातली नव्हती. शेजाऱ्याला काय आवडणार नाही ते आपणच ओळखून गप्प बसायचं. पत्रकार म्हणून मला हे सगळ्यात जास्त टोचतं. जाहिरातदाराचा फोन यायच्या आतच बातमी खाली घेणारे आम्ही लोक, आम्हाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

तरी देश वाचला, लोकशाही टिकली, श्रीमंत झाला. म्हणून मी पासिकिवी - केक्कोनेन यांना भित्रे म्हणणार नाही.

आता कोणीतरी आपलं अलिप्ततावादाचं उदाहरण देईलच. आपल्याला दोन महासागरांच्या मधलं शीतयुद्ध लांबून बघायची सोय होती, फिनलंडला नव्हती. आणि आपणही वेळ आल्यावर सूत्र सोडलंच. नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी केनेडींकडे लढाऊ विमानांच्या १२ स्क्वाड्रन मागितल्या होत्या. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपण यशवंतरावांची आठवण काढतो, ते दिवस हेच. १९७१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाबरोबर करार केला, तोही पाठीशी कोणीतरी हवं म्हणूनच.

परत फिनलंडकडे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ मध्ये तो जुना करार संपला, १९९५ मध्ये देश युरोपीय संघात गेला. नाटोत मात्र गेला नाही. "गरज पडली तर जाऊ" एवढं दार उघडं ठेवलं. सक्तीची लष्करी सेवा चालूच ठेवली. युद्धकाळात २ लाख ८० हजार सैन्य उभं राहील अशी तयारी, सुमारे ४८ लाख लोक मावतील एवढे भूमिगत निवारे. स्वीडनने २०१० मध्ये सक्तीची भरती थांबवली, बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावरचं कायमचं सैन्य त्याच्याही आधी काढलं, आणि पुढे दोन्ही परत आणताना धावपळ झाली. फिनलंडची ही तयारी मला ठाऊक होती. पण एवढी तयारी असलेल्याला नाटो कशाला, असा उलटा अर्थ मी लावला.

खरा धक्का युद्धाच्याही आधीचा होता आणि तोच माझ्या नजरेतून सुटला. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने कराराचे मसुदे जाहीर केले. नाटोने यापुढे नवा सदस्य घेऊ नये, ही त्यातली मागणी. म्हणजे फिनलंडने नाटोबाहेर राहायचं की आत जायचं, हे मॉस्को ठरवणार. १ जानेवारीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष निनिस्तो यांनी निवड आमची आहे असं स्पष्ट सांगितलं. स्वतःहून दूर राहणं वेगळं आणि दूर राहा असं बजावलं जाणं वेगळं. त्यानंतर २४ फेब्रुवारी उजाडला. वर्षानुवर्षं नाटोच्या बाजूने चौथा हिस्साही लोक नसायचे, मे महिन्यात ७६ टक्के झाले. संसदेत मतदान १८८ विरुद्ध ८.

"नाटो पसरली म्हणून युद्ध झालं" असं कमेंटमध्ये लिहिणारे येतील. त्यातलं थोडं मला पटतं. २००८ मध्ये बुखारेस्टला युक्रेन आणि जॉर्जियाला कधीतरी सदस्य करू असं सांगितलं, तारीख दिली नाही, संरक्षणही दिलं नाही. शेजाऱ्याला चिडवायचं आणि पाहुण्याला दाराबाहेर उभं ठेवायचं, असा तो प्रकार. फिनलंडने त्यातून धडा घेतला. अर्ज ते सदस्यत्व हा मधला काळ सगळ्यात धोक्याचा हे ओळखून अर्जाच्या आधीच ब्रिटनकडून मदतीचं लेखी आश्वासन घेतलं. पण ज्या देशाच्या अंगावर १९३९ आलेलं आहे, त्याला तुम्ही नुसतं शांत बसा असं सांगू शकत नाही. माझ्या मते निर्णय बरोबर होता.

फुकट मात्र नव्हता. रशियाला लागून असलेली १,३४० किलोमीटरची सीमा आता नाटोची सीमा आहे. १९७५ ची मोठी परिषद हेलसिंकीत झाली, २०१८ मध्ये ट्रम्प - पुतिन तिथेच भेटले, ते यजमानपण गेलं. अमेरिकेशी संरक्षण करार करून १५ ठिकाणं त्यांच्या सैन्याला खुली केली. भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडायला २०२५ मध्ये संसदेने मंजुरी दिली, हे मला आजही पचत नाही. आणि ज्या अमेरिकेच्या भरवशावर हे सगळं, तिचा अध्यक्षच सहकाऱ्यांना मदत करू की नको असं बोलून दाखवतो.

लापेनरांता, इमात्रा ही सीमेजवळची गावं रशियन गिऱ्हाइकांवर चालायची. डिसेंबर २०२३ मध्ये सीमा बंद झाली आणि ते गिऱ्हाईक गेलं. बाजार बसला म्हणजे गावाचं काय होतं, हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला विचारा.

तर गुरुजी, असं झालं. ती जुनी पोस्ट मी काढलेली नाही, तारखेसकट तशीच आहे. खाली ही लिंक टाकतोय.