पावसाच्या वहीतला दाब

अकरावीच्या रसायनशास्त्रात एक ठरलेला प्रश्न असतो. पाण्यावर हायड्रोजन गोळा केला. तापमान 25 अंश सेल्सियस, नळीतला एकूण दाब पाऱ्याचा 750 मिलिमीटर. तर कोरड्या हायड्रोजनचा दाब किती? हुशार मुलंही घाईघाईत 750 धरून पुढे पळतात आणि गुण घालवतात. नळीत हायड्रोजनच्या जोडीला पाण्याची वाफ असते, 25 अंशांना तिचा वाटा 24 मिलिमीटरच्या आसपास. तो वजा केला की उरतात 726. ही वजाबाकी मात्र प्रयोगशाळेत जन्मली नाही. तिचं कूळ पावसापाण्याच्या नोंदवहीत सापडतं.

जॉन डाल्टन हा उत्तर इंग्लंडातल्या कंबरलंडच्या विणकराचा मुलगा. मुलूख डोंगरांचा, तळ्यांचा आणि बारमाही पावसाचा. केंडल गावात डाल्टन मास्तरकी करत असताना जॉन गॉफ या अंध विद्वानाने त्याला हवामानाची वही लिहायची सवय लावली. 24 मार्च 1787 ला सुरू झालेली ती वही 57 वर्षं चालली. 27 जुलै 1844 ला डाल्टन वारला. आदल्या दिवशीची नोंदही तिच्यात होती.

रोज दाब, तापमान, पाऊस टिपणाऱ्याला एक प्रश्न छळणारच: हवेत पाणी राहतं तरी कसं? मीठ पाण्यात विरघळतं तसं पाणी हवेत विरघळत असावं, असं तेव्हा बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत. डाल्टनला ते पटेना. ठरावीक तापमानाला वाफ निर्वात नळीत जेवढा दाब देते, तेवढीच भर ती कोरड्या हवेत शिरल्यावर घालते, हे त्याने मोजून पाहिलं. शेजारी हवा आहे की नाही, याचं वाफेला काही सोयरसुतक नाही. मिश्रणातला प्रत्येक वायू जणू एकटाच नांदत असल्यासारखा दाब देतो आणि एकूण दाब म्हणजे या सगळ्यांची बेरीज, हे त्याने ऑक्टोबर 1801 मध्ये मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे मांडलं. आपण ज्याला आंशिक दाब म्हणतो तो हाच. 2 मोल नायट्रोजन, 1 मोल ऑक्सिजन आणि एकूण दाब 900 मिलिमीटर असेल, तर वाटणी 600 आणि 300.

गंमत अशी की नियम बरोबर निघाला, कारण साफ चुकलं. एका वायूचे कण फक्त आपल्याच जातीच्या कणांना ढकलतात, परक्यांकडे ढुंकून पाहत नाहीत, अशी डाल्टनची समजूत होती. खरं तर कण एकमेकांपासून इतके दूर असतात की जातभाई काय नि परके काय, कुणाचाच फारसा प्रभाव पडत नाही. तापमान सारखं असेल तर दाबाच्या हिशेबात हलका कण आणि जड कण सारखेच मोजायचे. पायऱ्या चुकल्या की आपले परीक्षक गुण कापतात. डाल्टनला इतिहासाने पैकीच्या पैकी देऊन टाकले.

पुढे तो दुसऱ्या कोड्यात अडकला. सगळे वायू पाण्यात सारखेच का विरघळत नाहीत? कणांच्या वजनात फरक असावा, असं त्याला वाटलं आणि 1803 मध्ये वाचलेल्या निबंधाला त्याने सापेक्ष वजनांची एक छोटी यादी जोडली. अणुभारांची ही पहिली यादी. आकडे बरेच चुकीचे, पण 1869 मध्ये मेंडेलीव्हने मूलद्रव्यं ओळीने मांडली ती अशाच, तोवर सुधारलेल्या, वजनांवर. पुस्तकात दूर दूर पडलेले 'वायू' आणि 'आवर्तसारणी' हे धडे असे एकाच घरातले.

त्या घरात 1894 मध्ये एक पाहुणा उगवला. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला 1.2572 ग्रॅम भरतो, रसायनांपासून केलेला 1.2505, हे पाहून भौतिकशास्त्रज्ञ रॅले हैराण झाला. तप्त मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन पुन्हा पुन्हा नेऊन रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने तो शोषून घेतला, तरी थोडा वायू उरलाच. तो अरगॉन. हवेच्या 760 मिलिमीटर दाबातले सुमारे 7 त्याचे, आणि ते इतकी वर्षं नायट्रोजनच्या खात्यावर जमा होत होते! मेंडेलीव्हला तर हा तीन अणूंचा नायट्रोजनच असावा असं वाटलं, कारण सारणीत या वजनाला जागाच नव्हती. अरगॉनचा अणुभार 39.95, पोटॅशियमचा 39.10. वजनाने पाहिलं तर पोटॅशियम आधी यायला हवं. पण सारणीत अरगॉन 18 वा आहे आणि पोटॅशियम 19 वं.